साठ हजारांत पहिला गेमिंग पीसी: कराडच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सुट्टीत मेडिकलच्या दुकानात काम करून त्याने १८ हजार साठवले होते, त्यात माझे ४२ हजार घातले. एकूण ६० हजार, आणि यात मॉनिटरही बसला पाहिजे. कीबोर्ड-माऊस घरचा जुना चालेल.

मी पतसंस्थेत काम करते. कॉम्प्युटर रोज वापरते, पण आजवर कॅबिनेटचं झाकण कधी उघडलेलं नाही. म्हणून जे जे करू ते लिहून ठेवायचं असं दोघांनी ठरवलं. आमच्यासारखी पहिल्यांदाच जुळणी करणारी घरं पुष्कळ आहेत, त्यांना निदान आमच्या चुका तरी कळतील.

आज फक्त एकच काम केलं. त्याला म्हटलं, "तू नक्की काय खेळणार आहेस ते आधी वहीत लिही." त्याने चार नावं लिहिली: वेलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५. पडदा फुल एचडी, म्हणजे १०८० पीचा, २४ इंची. या एका पानाने निम्म्या शंका मिटल्या. फोर के लागणार नाही, १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागणार नाही. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण २० हजार, ग्राफिक्स कार्डाला द्यायचा आणि उरलेल्यात बाकीचं बसवायचं असं ठरलं.

९ ऑक्टोबर

गावातल्या एका दुकानात कोटेशन घेतलं. "गेमिंग पीसी, आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, ३१ हजार, मॉनिटर वेगळा." ऐकायला उत्तम. मी विचारलं, "आय-फाइव्ह कितव्या पिढीचा?" उत्तर आलं, "मॅडम, आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह." दोनदा विचारल्यावर मॉडेल नंबर मिळाला: आय५-३४७०. २०१२ सालचा, चार कोअर, चार थ्रेड. आणि ते '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी ७३०, २०१४ सालचं कार्ड. त्याच्यावर ४ जीबी मेमरी असली तरी चिपमध्येच दम नाही, त्यामुळे ती मेमरी गेमच्या काही कामाची नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: पूर्ण मॉडेल नंबर कागदावर लिहून घेतल्याशिवाय किमतीचं बोलूच नका.

१३ ऑक्टोबर, रविवार

साताऱ्यात एकाकडे वापरलेलं आरएक्स ५८०, ८ जीबी, साडेआठ हजारांना मिळत होतं. पैसे वाचले तर एसएसडी, म्हणजे साठवणुकीची डिस्क, मोठी घेता येईल म्हणून दोघं गाडीवर गेलो. पेट्रोल २५० रुपये, अख्खा रविवार.

कार्ड चालू होतं, गेमही चालला. धाकट्याने पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर नेलं होतं, ते उघडलं. शेडर्स, म्हणजे कार्डातले चित्र घडवणारे छोटे गणक, २०४८. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये ते २३०४ असतात. नाव तेच ठेवून २०४८ शेडर्सची एक वेगळी आवृत्ती निघते, ताकदीने ती आरएक्स ५७० च्या जवळची. विकणाऱ्या मुलाने आम्हाला फसवलं असं मला वाटत नाही, त्यालाही ते तसंच विकलं गेलं असावं. शिवाय हीटसिंकच्या कडेला थर्मल पॅडचं तेल पाझरलेलं दिसत होतं. असं कार्ड बराच काळ सतत तापलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि वॉरंटी शून्य. हात जोडून निघालो.

वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पण समोर चालवून, जीपीयू-झेड उघडून, निदान अर्धा तास गेम लावून तापमान बघितल्याशिवाय घेऊ नये.

१७ ऑक्टोबर

चार रात्री यादीतच गेल्या. धाकटा एक भाग बदलायचा की मागचे तीन बदलावे लागायचे.

कार्ड: तीन नावं उरली होती. आरएक्स ६५०० एक्सटी सगळ्यांत स्वस्त, पण त्याला पीसीआयईच्या, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याच्या, चारच लेन आहेत. आमचा मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा निघाला तर आधीच अरुंद असलेला रस्ता आणखी निम्मा होणार, त्यात मेमरी ४ जीबी. गेम रेकॉर्ड करायला लागणारा व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही. दुसरं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीचं. ७० वॉटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून आवडलं होतं. पण साडेतीन-चार हजार जास्त दिले की आरएक्स ६६०० येतं, आणि आमच्या चार गेममध्ये ते बरंच पुढे आहे. ८ जीबी, १३२ वॉट, एकच आठ पिनी जोड. हेच पक्कं.

प्रोसेसर: इथे मी जवळजवळ चुकले होते. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे तो जास्त चांगला असं धरून चालले होते. वेगळं कार्ड घ्यायचं ठरल्यावर त्या आतल्या ग्राफिक्सचा उपयोग उरत नाही, आणि त्यासाठी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, मात्र निम्मी मिळते: ५६०० मध्ये ३२ एमबी, ५६००जी मध्ये १६. गेमला ही कॅश लागते. ५५०० तीन हजारांनी स्वस्त, पण तोही १६ एमबीवालाच. आय३-१२१००एफ चार कोअरचा. आजचे गेम त्यावर छान चालतात, पण धाकट्याला कॉलेजची कामंही यावरच करायची आहेत, म्हणून सहा कोअरचा रायझन ५ ५६००. साठऐवजी पन्नास हजार असते तर मी बिनधास्त ५५०० घेतला असता.

बोर्ड: बी५५०एम आणि बी४५०एम यांत पावणेतीन हजारांचा फरक. बी५५० वर पीसीआयईची चौथी पिढी मिळते. आरएक्स ६६०० आठ लेनचं असल्यामुळे तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर त्याचं फार नुकसान होत नाही. बी४५० चा धोका वेगळाच आहे: जुना माल असेल तर त्यातलं बायोस, म्हणजे बोर्डावरचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, रायझन ५००० मालिका ओळखतच नाही, आणि नवा प्रोसेसर लावून पडदा काळाच राहतो. म्हणून वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: खोक्यावर '५००० रेडी' असं लेबल हवं, नाहीतर दुकानदाराने समोर बायोस अपडेट करून दिलं पाहिजे.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज देणारा डबा: धाकटा म्हणाला, "ताई, हा तर आतच असतो, कुठला का असेना. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तोच ठेवू." या एका गोष्टीवर मी हटले नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते, आली की कमी-जास्त दाबाने येते. मॉनिटर सोडून ५१ हजारांच्या यंत्राला जो भाग वीज देणार तो फुकटातला नको. ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवत असल्याचा शिक्का), नावाजलेल्या कंपनीचा.

२६ ऑक्टोबर, शनिवार

काल रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघालो. दिवाळीची गर्दी होती, पण तिकिटं आधी काढली होती. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पोचलो तर सगळी शटरं खाली. दुकानं साडेदहा-अकराच्या आधी उघडत नाहीत. दोन तास उपाहारगृहात काढले. रविवारी बहुतेक बाजार बंद असतो, म्हणून शनिवारच धरा.

पाच दुकानांत तीच छापील यादी दिली. एकूण रकमेत पहिल्या आणि शेवटच्या दुकानात २,१०० रुपयांचा फरक पडला. दोन गोष्टी मात्र बघून घ्याव्या लागल्या. एका ठिकाणी प्रोसेसर ९०० रुपयांनी स्वस्त होता, कारण तो 'ट्रे'चा होता: खोकं नाही, कूलर नाही, कंपनीची वॉरंटी नाही, दुकानदाराच्या शब्दावर एक वर्ष. दुसऱ्या ठिकाणी, "पक्कं बिल नको असेल तर अजून पाचशे कमी करतो." बिलावर सिरियल नंबर असतात, वॉरंटीला तेच लागतात. पक्कं जीएसटी बिलच घेतलं आणि प्रत्येक नंबर खोक्याशी ताडून पाहिला.

आजची खरेदी:
रायझन ५ ५६००, खोक्यातला, कूलरसह: ११,२००
बी४५०एम बोर्ड, रॅमचे चार स्लॉट: ६,१००
रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर४ ३२००: ३,५००
एनव्हीएमई एसएसडी, ५०० जीबी: ३,३००
आरएक्स ६६००: २०,६००
एसएमपीएस: ४,३००

एसएसडी १ टीबीची घ्यायची होती, तिला दोन हजार जास्त पडत होते. तिथेच माघार घेतली. एसएसडी नंतर आणखी एक जोडता येते, कार्ड अर्धं घेऊन नंतर उरलेलं जोडता येत नाही.

खरं सांगायचं तर मुंबईच्या फेरीने पैसे वाचले नाहीत. हेच भाग ऑनलाइन ११०० रुपयांनी महाग पडले असते आणि दोघांचा प्रवास-खाणं १,४५० झालं. भाग हातात घेऊन बघता आले, बोर्डवरचं लेबल डोळ्यांनी वाचलं, एवढाच फायदा.

२९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

कॅबिनेट आणि मॉनिटर मुद्दाम मुंबईहून आणले नव्हते, गाडीत सांभाळणार कोण. इथेच घेतले. धाकट्याचं मन पुढून काचेचं, दिवे लुकलुकणाऱ्या कॅबिनेटवर बसलं होतं. त्या काचेसमोर हात धरला तर हवा आत जायला कडेची बोटभर फट होती. उन्हाळ्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत पारा चाळिशी गाठतो. पुढून जाळीचं, तीन पंख्यांचं घेतलं, २,९००. मॉनिटर २४ इंची आयपीएस, १०० हर्ट्झ (सेकंदाला शंभर चित्रं दाखवणारा), ७,८००.

एकूण ५९,७००. तीनशे रुपये उरले, तेवढ्याचे फटाके.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर दुपारी बारा वाजता जुळणीला बसलो. रात्री साडेनऊला उठलो. अडीच तासांचं काम, उरलेला वेळ कुठे गेला ते क्रमाने लिहिते.

पहिली गोष्ट, बोर्डाची मागची पट्टी, जी कॅबिनेटला आतून बसवतात, ती विसरलो. बोर्ड नऊ स्क्रूंनी कसल्यावर आठवली. सगळं परत काढलं. या उलाढालीत एक फायदा झाला: कॅबिनेटमध्ये कारखान्यातून लावलेला, बोर्ड ज्यावर टेकतो असा एक पितळी स्टँडऑफ आमच्या बोर्डाला भोकच नाही अशा जागी होता. तो तसाच राहिला असता तर बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट झाला असता.

दुसरी, कूलर. प्रोसेसरबरोबर आलेला कूलर चार स्क्रूंनी बसतो, त्यासाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लॅस्टिकचे आधार काढावे लागतात. ते काढले की बोर्डाच्या मागची धातूची पट्टी सुटून खाली पडते. एकाने मागून हात लावून धरायची, दुसऱ्याने समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळायचे. बोर्ड बाहेर टेबलावर असतानाच हे करा, आम्ही कॅबिनेटमध्ये वाकून केलं. आणि एकदा बसवलेला कूलर सरळ वर ओढू नका. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि मधल्या उष्णता वाहणाऱ्या पेस्टला चिकटून प्रोसेसर कूलरसकट उपटून येतो. आधी डावी-उजवीकडे हलकं फिरवून सैल करायचा.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा. बोर्डाच्या कडेला रॅमपुढचा छोटा दिवा पेटलेला. दोन तास आम्ही बायोसला दोष देत बसलो. मग धाकट्याने रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा दाबल्या, तेव्हा 'कट्' असा आवाज आला, जो पहिल्यांदा आलाच नव्हता. या बोर्डावर स्लॉटला एकाच बाजूला खटका आहे, दुसरी बाजू बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. जोर लावायला मन धजत नाही, पण लावावा लागतो.

दिवा विझला, पडदा तरी काळाच. आणखी पाऊण तास. केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावली होती. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, तिथून चित्र येणार कुठून? हे मी स्वतः १७ तारखेला वहीत लिहिलेलं. केबल खाली कार्डाला लावली आणि बायोसचा पडदा आला. आई देवापुढे साखर ठेवायला गेली.

५ नोव्हेंबर

विंडोज ११ टाकलं. वेलोरंट उघडलं तर व्हॅन ९००३ असा एरर. 'सिक्युअर बूट', म्हणजे मशीन सुरू होताना सॉफ्टवेअर अस्सल आहे का ते तपासणारी सोय, चालू नाही असा त्याचा अर्थ. बायोसमध्ये ते चालू करायला गेले तर मशीन चालूच होईना, कारण विंडोज टाकायचा पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीचा, एमबीआरचा बनवला होता आणि विंडोज तसंच बसलं होतं. जीपीटी आणि यूईएफआय ही नवी पद्धत निवडून पेन ड्राइव्ह पुन्हा बनवला, बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीची सोय, बंद केलं, विंडोज नव्याने टाकलं. एक संध्याकाळ गेली. वेलोरंट खेळणार असाल तर पहिल्यांदाच असं करा.

८ नोव्हेंबर

गेम चालतात, पण अडखळतात. जीटीए ५ मध्ये सेकंदाला ६० ते ७० फ्रेम, आणि गाडी जोरात वळवली की क्षणभर थिजायचं. दोन दिवस आम्ही कार्डाचे ड्रायव्हर काढ-घाल करत होतो. धाकट्याचा चेहरा पडला होता. "ताई, कार्डच खराब लागलं बहुतेक." मलाही रात्री झोप नव्हती, साडेवीस हजारांची वस्तू.

आज ऑफिसातून आल्यावर सीपीयू-झेड हे प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं, मेमरीच्या पानावर 'सिंगल', म्हणजे रॅमचा एकच चॅनल (रस्ता) चालू, असं लिहिलेलं. भाऊबीजेच्या दिवशी रॅम काढून परत लावताना घाईत शेजारशेजारच्या दोन स्लॉटमध्ये लावली होती. ते दोन्ही स्लॉट एकाच चॅनलचे. प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा, असे लावायचे असतात. शिवाय रॅम ३२०० ची असूनही २४०० वर चालत होती, बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, आपण होऊन चालू करावी लागते, हे राहून गेलं होतं.

दोन्ही दुरुस्त्यांना दहा मिनिटं लागली, खर्च शून्य. त्याच जागी, त्याच सेटिंगला ९५ ते १०० फ्रेम, आणि थिजणं गेलं. मॉनिटरही ६० हर्ट्झवरच पडला होता, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०० केला. धाकट्याने माऊस गोल फिरवून बघितला आणि आईला हाक मारली, तिलाही फरक दिसला.

१० नोव्हेंबर, रविवार

दोन दिवसांपासून कॅबिनेटच्या धातूला उलटा हात लागला की मुंग्या येत होत्या. धाकट्याने सांगितलं नव्हतं, यंत्र परत करायला लावतील या भीतीने. वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थिंगच्या मध्ये धरला, पेटला नाही. म्हणजे तीन पिनांच्या सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेला.

एसएमपीएसच्या आत विजेची गडबड गाळणारे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडीशी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावरच राहते आणि हात लावणाऱ्याला जाणवते. म्हणजे यंत्रात दोष नव्हता, घराच्या वायरिंगमध्ये होता, आणि आमचा फ्रीज आणि गिझरही इतकी वर्षं तसेच चालत होते. हे कळल्यावर मला खरंच धस्स झालं.

परसातली अर्थिंगची पाइप गंजून तार तुटली होती. नवी तार, नवा क्लॅम्प, खड्ड्यात कोळसा-मीठ-पाणी, खोलीतल्या स्विचबोर्डापर्यंत हिरवी वायर. मजुरीसकट १,८५०. बल्ब लख्ख पेटला, मुंग्या थांबल्या. दीड हजारांचा असो की दीड लाखाचा, पीसी आणण्याआधी बल्ब लावून अर्थिंग बघून घ्या. हा खर्च मी कुठल्याच यादीत वाचला नव्हता.

१६ नोव्हेंबर

यूपीएस. घरात ६०० व्हीएचा जुना होता, तोच लावला होता. लाइट गेली की 'टूं' करून पीसी बंद. वाटलं बॅटरी गेली, १२ व्होल्ट ७ एएचची नवी टाकली, ९५०. आता साध्या कामात लाइट गेली तरी तो टिकतो, पण गेम चालू असताना पुन्हा तेच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट असं मी धरलं होतं, प्रत्यक्षात त्याच्या पाठीवर ३६० वॉट लिहिलेलं. आणि ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज ओढणं सुधारणारं सर्किट, असलेल्या आमच्यासारख्या एसएमपीएसला लाइट जाण्याच्या क्षणी अशा छोट्या यूपीएसची चौकोनी लाट (घरच्या विजेची गोलसर असते) झेपत नाही, तो एकदम जास्त वीज ओढतो आणि यूपीएस हात टेकतो. ११०० व्हीए, ६६० वॉटचा आणला, ४,९००. गेम चालू ठेवून मुद्दाम मेन स्विच पाडला, तीन वेळा. तिन्ही वेळा टिकला. जुना यूपीएस आता वायफायच्या राउटरला.

बॅटरी न घेता आधी पाठीमागची पट्टी वाचली असती तर ९५० वाचले असते.

२० नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आले आणि हिशोब मांडला. भाग ५९,७००. सातारा २५०, मुंबई १,४५०, अर्थिंग १,८५०, बॅटरी ९५०, यूपीएस ४,९००. एकूण ६९,१००. ठरवल्यापेक्षा ९,१०० जास्त, आणि त्यातले ७,७०० नुसते विजेपायी. वेळ दीड महिना. विंडोजच्या परवान्याचे पैसे यात नाहीत, ते पुढच्या पगारात.

तासभर फोर्झा चालवून तापमान घेतलं: कार्ड ६८, प्रोसेसर ७४. मे महिन्यात पुन्हा मोजून इथे लिहीन. ५०० जीबीतले १३० शिल्लक आहेत, म्हणजे दुसरी एसएसडी उन्हाळ्याच्या आधीच लागणार. या बोर्डावर एम.२ चा, म्हणजे एनव्हीएमई एसएसडी बसते तो, स्लॉट एकच आहे, तो भरला, त्यामुळे ती साटाची, म्हणजे केबलने जोडायची, घ्यावी लागेल. साटाची केबल बोर्डाच्या खोक्यात आली होती, ती शोधून कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.